मिस्टर व्हर्लिनची परीक्षा

आमच्या पिन ओकमध्ये माणसाची पत बोलण्यावर ठरली असती, तर मी केव्हाच मेयर झाले असते. माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, मेन स्ट्रीटवर, बँकेच्या भिंतीला लागून. डोकं धुवायला मागे टेकलं की बाई डोळे मिटते आणि तोंड उघडते. त्यामुळे ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यात कुणाच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, हे मला पाद्र्याच्या आधी कळतं. पण ज्यांची ही गोष्ट आहे ते गृहस्थ तोलूनमापून बोलायचे, आणि त्यांनी एकदा सांगितलेलं मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

व्हर्लिन टॅकेट. लहानथोर सगळे त्यांना मिस्टर व्हर्लिन म्हणायचे. उभा जन्म त्यांनी विजेच्या तारांवर काढला. हिवाळ्यात पाऊस पडता पडता गोठतो, फांद्या तारांवर कोसळतात आणि अख्खा जिल्हा काळोखात बसतो, तेव्हा खांबावर चढणाऱ्यांत ते पहिले असायचे. त्यांचा कामावरचा जोडीदार अशाच एका वादळात गेला. खालून कुणीतरी ओरडलं, तार बंद आहे, आणि त्यानं ती धरली. देहाकडे बघवत नव्हतं, म्हणून शवपेटी उघडायची नाही असं घरच्यांनी ठरवलं. तेव्हापासून मिस्टर व्हर्लिननी दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावला नाही. स्वतः तपासायचे, आणि तपासलं की मोठ्यानं म्हणायचे, "बंद आहे." ऐकायला चिटपाखरू नसलं तरी म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पिस्तुलाचा वर्ग काढला. गावात अर्ध्याहून जास्त लोकांच्या शर्टाखाली पिस्तूल असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं की ते आपल्याला उपजतच येतं. शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून मिस्टर व्हर्लिन त्यांचा हा गैरसमज दूर करायचे. दुपारी त्यांची बायको नेल्डा घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन यायची. जेवण झालं की सगळी वरात त्यांच्या शेतावर, मातीच्या उंच बांधासमोर. तिथं परीक्षा. पास झालेल्याला मिस्टर व्हर्लिन सही करून कागद द्यायचे, आणि तो दाखवल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकत नसे.

मी गेले ते ऐटीत. दुकानाची रोकड घेऊन अंधारात गावाबाहेरच्या घरी एकटी जाते, मला कुणी काय शिकवणार, असा तोरा होता. पिस्तूल पर्समध्ये होतं. मिस्टर व्हर्लिन खुर्च्यांच्या रांगेतून फिरत माझ्यापाशी थांबले.

"पर्समध्ये काय आहे?"

"पिस्तूल."

"अजून?"

"बायकांच्या पर्समध्ये असतं ते."

"त्या टेबलापाशी जा. नळीचं तोंड भिंतीकडे राहील असं बघ, आणि एकेक वस्तू बाहेर काढ."

मी काढायला लागले. लिपस्टिक निघाल्या, दोन कंगवे, च्युइंगगम, पावत्यांचा बोळा, कुणाचा तरी कानातला एक डूल. पाठीमागे हशा पिकला. शेवटी पिस्तूल निघालं, तसा हशा थांबला. चापाभोवतीच्या कड्यात केसांची एक पिन आडवी अडकून बसली होती. मिस्टर व्हर्लिननी आधी पिस्तूल रिकामं केलं, मग ती पिन दोन बोटांनी अलगद सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"रात्री दारात किल्ली शोधताना हात पर्समध्ये घालतेस ना?"

"हो."

"घाईत?"

मी पिन मुठीत मिटली. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "पर्समध्ये ठेवायचंच तर त्याला स्वतंत्र कप्पा हवा. चापावर टणक झाकण हवं. त्या कप्प्यात दुसरं काही नाही, अगदी प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा नाही. आणि ती पर्स खुर्चीला अडकवून कुठं जायचं नाही. हे जमणार नसेल तर घरी ठेव, पोरी. नुसती किंचाळलीस तरी चालेल, तुझा आवाज खणखणीत आहे."

मी सात वर्षांची असताना माझा बाप टेक्सासला तेलाच्या विहिरीवर जातो म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे पोरी अशी हाक कुणी मारली की माझ्या अंगावर काटा यायचा, रागानं. त्या दिवशी राग आला नाही. पुढच्या शनिवारी मी परत गेले, आणि त्याच्या पुढच्याही. शेवटी ते म्हणाले, "फुकट जेवतेस त्यापेक्षा कामाला लाग. बायकांचे कपडे, त्यांचे कमरपट्टे, यातलं मला काही कळत नाही. ते तू शिकव." मग मी रीतसर शिकवण्याचा परवाना काढला आणि शनिवारचं दुकान बंद ठेवायला लागले.

त्यांचं शिकवणं साधं होतं. समोरचं पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं, मग ते तुमच्या सख्ख्या आईनं रिकामं करून दिलेलं असो. बोट चापाच्या बाहेर, नळीला समांतर. शर्टाखालून काढताना घाई असेल एक वेळ, आत ठेवताना कसली घाई? शर्ट बाजूला धरा, खाली बघा, सावकाश घाला. शर्टाची कड चापात अडकली तर पाय तुमचाच आहे. हातातून निसटलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका, कारण झेलणाऱ्याचं बोट नेमकं नको तिथं जातं. आणि सारखं कमरेला चाचपू नका. नवशिक्याचा हात तिथंच जातो, दात पडलेल्या पोराची जीभ जाते तसा. लपवलंय ना, मग हातानं कशाला सांगत सुटता?

त्यांचा स्वतःचा हात तिथं कधी गेलेला मी पाहिला नाही. इतकी वर्षं पिस्तूल बाळगून त्यांनी ते एकदाही माणसासमोर बाहेर काढलं नव्हतं, आणि अभिमान कशाचा असेल तर त्याचाच होता.

नापास करायचं एकच मोठं कारण होतं. गोळ्या इकडेतिकडे गेल्या तर ते पुन्हा संधी देत. पण नळी माणसावर गेली की खलास, मग पिस्तूल भरलेलं असो की रिकामं. चुकून हा शब्द त्यांच्यापुढे चालत नसे. आमचे पाद्री ब्रदर डॉयल एकदा मागच्या कुणाच्या तरी थट्टेला उत्तर द्यायला वळले, पिस्तुलासकट. मिस्टर व्हर्लिननी सगळ्यांदेखत त्यांना नापास केलं. ब्रदर डॉयल म्हणाले, "व्हर्लिन, देव माफ करतो." मिस्टर व्हर्लिन म्हणाले, "त्याला करू दे. तो बांधाच्या या बाजूला उभा नव्हता." पाद्री पुढच्या महिन्यात मुकाट्यानं परत आले आणि शहाण्यासारखे पास झाले.

रोज संध्याकाळी मिस्टर व्हर्लिन घरी कोरडा सराव करायचे. काडतुसं स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं, आणि मागच्या खोलीत विटांच्या धुराड्यावर चिकटवलेल्या कागदी ठिपक्यावर नेम धरून चाप ओढायचा. रिकामं असलं तरी नेम विटांवरच, कारण विटा गोळी अडवतात. संपलं की मोठ्यानं म्हणायचे, "सराव संपला." मग पिस्तूल भरून कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवायचं आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही. ते म्हणायचे, घरात गोळ्या सुटतात त्या सरावात नाही, सराव संपल्यावर अजून एकदा करून बघू म्हणणाऱ्यांच्या हातून. नेल्डाला ते दोन शब्द ऐकायची इतकी सवय होती की ते कानावर पडले की ती कॉफी ओतायची.

नेल्डा दर गुरुवारी माझ्याकडे केस सेट करायला यायची. मी तिला मिस नेल्डा म्हणते, सगळेच म्हणतात. गोड बाई, पण जिभेला धार होती. एका गुरुवारी ती नेहमीसारखी बोलेना. मी कर्लर लावत होते.

"व्हर्लिन सारखा कमरेला हात लावतो हल्ली," ती म्हणाली.

"मिस्टर व्हर्लिन?"

"जेवताना लावतो. चर्चमध्ये लावतो. मी म्हटलं, काय रे, खाज सुटलीय का? तर म्हणतो, आहे का बघतो. अगं, सकाळी स्वतःच लावतो ना. पण लावलं की नाही हे त्याला दुपारी आठवत नाही."

ती आरशात माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे न बघता कर्लर लावत राहिले. मग बाकीचं बाहेर आलं. मोटार वाणसामानाच्या दुकानासमोर ठेवून ते चालत घरी आले होते. थोरल्या मुलाला धाकट्याच्या नावानं हाक मारली होती. मस्कोगीच्या डॉक्टरनं त्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं, आणि ते नाव तिनं अजून तोंडानं उच्चारलं नव्हतं.

पुढचे काही शनिवार मी डोळ्यांत तेल घालून होते. वर्गात ते तेच सांगत, तसंच सांगत, फक्त कधी कधी एकच गोष्ट दोनदा सांगत. लोकांना वाटे, म्हातारा ठसवतोय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग एका गुरुवारी नेल्डा वेळेआधी आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"काल गोळी सुटली," ती म्हणाली.

मी दुकानाच्या दाराला कडी लावली.

"मी स्वयंपाकघरात होते. त्यानं सराव संपला म्हटलं, मी ऐकलं. काडतुसं न्यायला आला, डबा उघडला, गेला. मी कॉफी ओतली. कप त्याच्या जागेवर ठेवला आणि आवाज झाला. असा आवाज, डार्ला, की मला वाटलं घर पडलं. धावत गेले तर तो तसाच उभा, दोन्ही हातांत धरून, धुराड्याकडे बघत. वीट फुटलेली. मला म्हणाला, रिकामं होतं. मग म्हणाला, मी म्हटलं होतं का, संपला म्हणून? म्हटलं होतंस, व्हर्लिन. तर खाली बसला जमिनीवरच."

तिचे केस मी त्या दिवशी धुतले नाहीत. दोघी नुसत्या बसून राहिलो. धुराडं होतं म्हणून वाचलो, असं ती दोनदा म्हणाली. मला एवढंच दिसत होतं, की नेम कुठं धरायचा हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं आणि पिस्तूल भरलंय की नाही हे डोक्याला नव्हतं. हात किती दिवस पुरणार?

दुसऱ्या दिवशी मिस्टर व्हर्लिन दुकानात आले. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नव्हते, नेल्डाला दारातून सोडून जायचे. टोपी हातात घेऊन ड्रायरखालच्या खुर्चीत टेकले. आजचा दिवस चांगला होता, ते चेहऱ्यावरून कळत होतं. असे दिवस अजून येत होते.

"नेल्डानं सांगितलं असेल."

"सांगितलं."

"ती मला माफ करेल. मुलगा टल्साहून येईल आणि मला न विचारता सगळं उचलून नेईल. दोन्ही मला नकोत." टोपीची कड ते फिरवत राहिले. "तू माझी परीक्षा घे. जशी कुणाचीही घेशील तशी. पास झालो तर कुणी एक शब्द बोलायचा नाही. नापास झालो तर तू तोंडावर सांगायचंस, आणि मी आपल्या हातानं ठेवून देईन."

"मिस्टर व्हर्लिन, मी कशी घेणार तुमची परीक्षा?"

"का? मी शिकवलेलं विसरलीस? मग दोघंही घरी बसू." ते जरा हसले. मग हसू गेलं. "माझ्या हातून कुणी मरण्याआधी घे, पोरी. मला ते आठवणारसुद्धा नाही, आणि सगळ्यात भीती मला त्याची वाटते."

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

शनिवारी वर्ग नव्हता. सकाळची कोवळी थंडी होती. बांधासमोर आम्ही दोघंच, आणि नेल्डा मागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर गोधडी घेऊन. तिनं यायला नको असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, लग्नात होते, बाळंतपणात तो होता, आता ही कसली चोरी. मी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये एका वेळी थोडीच काडतुसं भरली आणि त्यांच्या उजव्या खांद्याशी, हात पोचेल इतकी जवळ उभी राहिले. शिकाऊ माणसाजवळ असं उभं राहायचं हे त्यांनीच मला शिकवलेलं.

आणि ते काय सुंदर नेम मारत होते. शर्ट बाजूला, पिस्तूल वर, बोट अगदी शेवटी चापावर. गोळी, मग गोळी, मग गोळी. आत ठेवताना खाली बघून, सावकाश, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. कागदावरची सगळी भोकं एका बशीखाली झाकली असती. मला वाटायला लागलं की डॉक्टर चुकला, धुराडं चुकलं, सगळे चुकले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटची फेरी चालू होती. मॅगझिनमध्ये अजून काडतुसं होती. मागून नेल्डा म्हणाली, "छान, व्हर्लिन."

ते वळले.

बायकोनं हाक मारली आणि नवरा हसून वळला, इतकंच. पण पिस्तूल हातांत होतं, नळी त्यांच्याबरोबर फिरली, आणि बोट चापावर होतं. मी त्यांचं मनगट धरून बांधाकडे रेटलं. गोळी सुटली नाही. नेल्डा खुर्चीत हसरी बसली होती, ती तशीच राहिली, फक्त तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

मी बोट बाहेर काढायला सांगितलं, त्यांनी काढलं. होल्स्टरमध्ये ठेवायला सांगितलं, त्यांनी खाली बघून ठेवलं. मग ते कागदाकडे बघत उभे राहिले आणि मी नेल्डाकडे गेले. तिनं माझी बाही पकडली.

"मी हाक मारली. चूक माझी आहे. हे धरू नकोस."

"मिस नेल्डा..."

"तो कागद बघ ना. पास म्हण त्याला. पिस्तूल मी उद्या लपवीन, नाहीतर तळ्यात टाकीन, पण आज त्याला पास म्हण. तुला काय जातंय हो म्हणायला?"

माझं काही जात नव्हतं, हे खरंच. एक शब्द, आणि म्हातारा ताठ मानेनं घरी गेला असता. बरं, उद्या त्याला आठवणारही नव्हतं. पण तो माणूस मी सांगेन ते खरं मानणार होता, आणि त्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावला नव्हता. आज पहिल्यांदा तो माझ्या शब्दावर लावणार होता.

"कसं झालं, पोरी?" त्यांनी तिथूनच विचारलं. चेहरा उजळलेला होता. आपण काय केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी जवळ गेले. "नापास, मिस्टर व्हर्लिन."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशात?"

"नळी माणसावर गेली."

"कुणावर?"

"मिस नेल्डांवर. बोट चापावर होतं."

त्यांनी नेल्डाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, आणि ते त्यांना पुरलं. मग बांधाकडे तोंड करून त्यांनी मॅगझिन काढलं, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढली, नळीत चढलेलं काडतूस खाली पडलं ते पडू दिलं, आत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं. "रिकामं आहे," मोठ्यानं म्हणाले. टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले.

"बरोबर केलंस," ते म्हणाले.

कमरेचं होल्स्टरही काढून त्यांनी शेजारी ठेवलं. त्याच्याशिवाय पट्टा सैल झाला. घराकडे चालताना एका हातानं ते पँट वर धरत होते आणि दुसरा हात नेल्डानं धरला होता. मी पिस्तूल उचलायला वाकले आणि तिथंच, त्या टेबलाला धरून, ढसाढसा रडले.

गोष्ट इथं संपती तर बरं होतं. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच फोन वाजला. नेल्डा होती. मागे कपाटांची दारं आपटत होती.

"तो शोधतोय. मी सांगितलं, व्हर्लिन, परीक्षा झाली. तर म्हणतो, तू काय परीक्षक आहेस? माझं ऐकत नाही, डार्ला. तू सांग."

मग त्यांचा आवाज. "पोरी, माझं पिस्तूल कुठंय?"

"माझ्याकडे आहे. तुम्ही परीक्षेत नापास झालात, मिस्टर व्हर्लिन."

"कशात?"

"नळी माणसावर गेली."

"कुणावर?"

"मिस नेल्डांवर."

पलीकडे कपाटाचं दार सावकाश बंद झालं. आणि मग, "बरोबर केलंस."

मंगळवारी तेच. बुधवारीही. रोज सकाळी ते उठायचे, पट्टा घालायचे, हात कमरेला जायचा, आणि तिथं काही नसायचं. रोज त्यांना ते पहिल्यांदा कळायचं. चर्चमधल्या बायकांनी नेल्डाला शहाणपण शिकवलं, सांग की दुरुस्तीला दिलंय. तिनं सांगितलं, आणि ते दिवसभर ओसरीवर दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसले, जेवायलासुद्धा आत येईनात. त्यापेक्षा खरं बरं होतं. खरं सांगितलं की निदान नाश्ता करायचे.

रोज सकाळी एका भल्या माणसाचं काळीज मोडायचं आणि मग दुकानाचा पडदा वर करायचा, हे माझं काम झालं. कुणाला सांगायची सोय नव्हती. बायका विचारायच्या, डार्ला, डोळे का सुजलेत? मी म्हणायचे, पर्मच्या औषधानं. पण एक गोष्ट नेल्डाला कळली होती आणि मलाही. दिवसभर ते कुठंतरी धुक्यात असायचे, मुलांची नावं गेली होती, चमचा कुठल्या हातात धरायचा ते जायला लागलं होतं. फक्त त्या फोनवर, "बरोबर केलंस" म्हणताना, ते पूर्वीचे मिस्टर व्हर्लिन असायचे. नेल्डा स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवरून गुपचूप ऐकायची. तेवढ्यासाठी आम्ही दोघी रोज सकाळची वाट बघायला लागलो, आणि त्याची लाजही वाटायची.

वसंतात एका सकाळी फोन वाजला तो उशिरा.

"आज त्यानं विचारलं नाही," नेल्डा म्हणाली.

"बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे. पट्टा घातला, हात कमरेला गेलाच नाही. खिडकीशी बसलाय. मी मुद्दाम समोरून दोनदा गेले." तिचा आवाज फाटला. "इतकी वर्षं त्या पिस्तुलाला शिव्या घातल्या मी. डार्ला, तू बोल ना त्याच्याशी. रोजच्यासारखं."

"मिस नेल्डा, ते विसरलेत तर विसरू दे त्यांना. का उगाच..."

"एकदाच. माझ्यासाठी."

तिनं फोन त्यांच्या हातात दिला. "हॅलो," ते म्हणाले. आवाज सभ्य होता, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावा तसा.

"मिस्टर व्हर्लिन, मी डार्ला."

"बोला ना, बाई."

मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. पण नेल्डा ऐकत होती, म्हणून मी रोजचं वाक्य म्हणायला गेले. तेही धड जमलं नाही. "परीक्षेत नापास," एवढंच बाहेर पडलं, "नळी माणसावर गेली," आणि मी रडायला लागले.

"अरेरे," ते म्हणाले. "रडू नका. कुणाला लागलं का?"

"नाही."

"मग झालं तर. घरी जा, रिकामं करून ठेवा, दोन दिवस हात लावू नका. ज्याला रडू येतं तो शिकतो, मी पाहिलंय. शनिवारी परत या, शिकवू तुम्हाला. नाव काय म्हणालात?"

"डार्ला."

"डार्ला." त्यांनी ते नाव सावकाश, चव घेतल्यासारखं म्हटलं. "माझ्याकडेही याच नावाची एक पोरगी आहे. तिच्याकडे पाठवीन तुम्हाला. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते."

मी बरं म्हणाले. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.